आधी हसणं थांबवा

बारावी विज्ञानच्या मुलामुलींनो, सराव परीक्षेचे पेपर तपासून झालेत, पण गुण आत्ता सांगणार नाही. गुण कळले की तुमचे कान बंद होतात. कुणाला किती पडले याची कुजबुज सुरू होते आणि आपण काय लिहून आलो ते बघायला कुणाला सवड राहत नाही. तेव्हा आधी ऐकून घ्यायचं. मोबाइल दप्तरात टाका. मागचा बाक, तुम्हालाही सांगतेय.

सोपा प्रश्न होता. लांबचं बघणारी नजर जवळच्या पुस्तकावर आली, तर डोळ्यातल्या भिंगाचं काय होतं? निम्म्याहून जास्त पेपरांत एकच उत्तर आहे: ‘समायोजी स्नायू आकुंचन पावतात व भिंगाला ताणतात, त्यामुळे भिंग जाड होते.’ शब्दाला शब्द तोच, स्वल्पविरामसुद्धा त्याच जागी. कुठल्या गाइडातून उतरवलं ते मला विचारायचंही नाही. एवढंच सांगा, ताणलेली वस्तू जाड कशी होईल? केसांचं रबर दोन बोटांत धरून ताणलंत तर ते जाड होतं का? हे लिहिताना एकाचाही हात अडखळला नाही, याचा मला जास्त राग आला आहे. चुकीचं उत्तर मी समजू शकते. न वाचता लिहिलेलं उत्तर मी खपवून घेणार नाही.

भिंगाभोवती स्नायूचं कडं आहे. त्या कड्यापासून निघालेले बारीक तंतू भिंगाच्या कडेला चिकटलेले असतात. स्नायू आकुंचन पावला की कडं आतल्या बाजूला सरकून लहान होतं, तंतू सैल पडतात आणि ताण सुटलेलं भिंग आपल्याच लवचीकपणानं फुगतं. लांब बघताना सगळं उलट होतं. स्नायू सैल, कडं मोठं, तंतू ताणलेले, भिंग चपटं. म्हणजे जवळचं बघताना तो स्नायू राबत असतो. रात्री एक वाजेपर्यंत रील्स बघून सकाळी ‘मॅडम, डोळे जड झालेत’ म्हणून सांगता, त्यात या स्नायूचाही वाटा आहे, आणि पडद्याकडे टक लावून पापणी मिटायला विसरता त्याचाही. वय वाढतं तसा भिंगाचा लवचीकपणा कमी होत जातो. तंतू सैल पडले तरी ते पुरेसं फुगत नाही. म्हणून तुमची आई सुईत दोरा ओवताना हात लांब धरते. एवढं समजलं असतं तर चाळिशी का लागते हा पुढचा प्रश्न पाठ न करता सुटला असता. तो तुम्ही कोरा सोडलात.

आणखी एक. ‘नेत्रदानात डोळा काढून दुसऱ्या व्यक्तीला बसवतात.’ हे एका पेपरात नाही, बऱ्याच पेपरांत आहे. अख्खा डोळा बसवून दृष्टी देता येत नाही. त्याच्यामागून मेंदूकडे जाणाऱ्या चेतेत दहा लाखांहून जास्त तंतू असतात, ते एकदा तुटले की जोडायची विद्या आज कुणाकडे नाही. बसवतात ते पारपटल, डोळ्याच्या पुढची पारदर्शक काच. डोळ्यात शिरणारा प्रकाश वळवण्याचं जवळजवळ दोन तृतीयांश काम हीच काच करते, भिंग नव्हे. तेही तुम्ही उलटं लिहिलंय. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून ती पारदर्शक राहते आणि बराचसा ऑक्सिजन अश्रूंच्या थरातून थेट हवेतला घेते. एका माणसाची काच दुसऱ्याला बसवायचं काम एडुआर्ड झिर्म नावाच्या डॉक्टरांनी १९०५ मध्ये यशस्वी करून दाखवलं. तुम्ही २१ व्या शतकात त्याच्यावर दोन ओळी धड लिहू शकत नाही. माणूस गेल्यावर साधारण सहा तासांच्या आत हे दान घ्यावं लागतं. चष्मा असलेल्याचं चालतं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्याचंही चालतं. घरात रडारड सुरू असताना नेत्रपेढीला फोन करायचं भान कुणा एकाला तरी ठेवावं लागतं, आणि घरातलं विज्ञान शिकणारं पोर ते करील असं लोक धरून चालतात. ते पोर म्हणजे तुम्ही.

‘डोळा नीटला येत नाही, मॅडम.’ हे मला वर्षभरात इतक्या जणांनी ऐकवलं की आता या वाक्याला माझ्या वर्गात बंदी आहे. नीटच्या यादीत नसेल. कपाळाखाली आहे ना?

दिवाळीच्या सुट्टीआधी मी भल्या पहाटे खाटकाकडे जाऊन बोकडाचे डोळे आणले होते. तुमच्यातले कितीतरी जण नाक दाबून खिडकीशी उभे राहिले. बाकीच्यांनी फोटो काढले. ट्रेमध्ये काय होतं ते मी पुन्हा सांगते, कारण तुम्ही बघितलंच नाहीत. पारपटल कापलं तेव्हा पाण्यासारखा द्रव बाहेर आला. मग भिंग सुटून आलं, स्वच्छ, टणकसर, हरभऱ्याहून मोठं. ते वर्तमानपत्राच्या कपट्यावर ठेवलं तर खालची अक्षरं मोठी दिसली. आतल्या बाजूला निळसर हिरवी झळाळी होती. ती बोकडाला असते, आपल्याला नसते, म्हणून रात्री गाडीच्या उजेडात त्याचे डोळे चमकतात, तुमचे नाही. आणि दृष्टिपटल? ओल्या पातळ कागदासारखं ते चिमट्यानं अलगद सुटत आलं, सगळीकडून सुटलं, फक्त एका जागी धरून राहिलं. ती जागा मी दाखवत होते तेव्हा ट्रेवर दोन-तीन डोकी होती. दृष्टिपटलातले सगळे तंतू त्या एका जागी गोळा होऊन बाहेर पडतात. तिथे प्रकाश टिपणाऱ्या ना दंडाकार पेशी, ना शंक्वाकार. तोच अंधबिंदू.

आणि पेपरात काय लिहिलंत? ‘अंधबिंदूवर प्रतिमा तयार होत नाही.’ होते! प्रकाश तिथेही पडतो. टिपणारं कुणी नसतं. वहीत आत्ता एक फुली काढा आणि तिच्या उजवीकडे आठ सेंटिमीटरवर एक ठळक ठिपका. डावा डोळा झाका, उजव्यानं फुलीकडे बघा, वही हळूहळू जवळ आणा. हातभर अंतरापासून आणताना तीसेक सेंटिमीटरच्या आसपास ठिपका नाहीसा होईल. मारिओत नावाच्या फ्रेंच धर्मगुरूनं हे १७ व्या शतकात शोधलं, डोळ्याचं विच्छेदन केलं, ती जागा बघितली आणि मग स्वतःच्या डोळ्यावर पडताळून पाहिलं. त्याच्याकडे पुस्तक नव्हतं. तुमच्याकडे पुस्तक आहे, डोळाही आहे, आणि दोन्ही मिटलेले.

आता दुसरा धडा, प्रजननाचा. फळ्यावर त्याचं नाव लिहिलं की मागून खोकल्याचे आवाज येतात, आणि पुढच्या बाकावरच्या मुली माना खाली घालतात. हे मी गेली कित्येक वर्षं बघतेय आणि दर वर्षी मला तितकाच संताप येतो. तुमच्यातले काही येत्या वर्षभरात मतदार यादीत नाव घालाल, आणि अंडाशय कुठे असतं हे सांगताना तुम्हाला हसू फुटतं. दोष सगळा तुमचा नाही. दहावीला हा भाग ‘घरी वाचून घ्या’ म्हणून सोडून देणारे शिक्षक आहेत, त्यांनाही हे बोलणं लागू आहे. पण घरी वाचून घ्या म्हटलं तेव्हा तुम्ही वाचलंत का?

पेपर लावून ठेवताना एक गोष्ट लक्षात आली. स्त्रीच्या प्रजननसंस्थेच्या आकृतीत मुलांनी नावं गाळलीत आणि पुरुषाच्या आकृतीत मुलींनी. परीक्षेच्या कागदावरसुद्धा एकमेकांकडे पाठ! पुढे संसार कसे करणार आहात?

‘वृषण उदरपोकळीबाहेर असण्याचे कारण लिहा.’ उत्तर: ‘संरक्षणासाठी.’ क्रिकेट खेळणाऱ्या मुलांनी हे लिहिलंय. बाहेर असलेला अवयव पोटातल्यापेक्षा सुरक्षित असतो? शुक्रपेशी तयार व्हायला शरीराच्या तापमानापेक्षा दोन-तीन अंश सेल्सिअस थंडावा लागतो, म्हणून वृषणकोश बाहेर. काही बाळांत वृषण जन्मापर्यंत खाली उतरलेलंच नसतं. ‘मोठा झाला की येईल खाली’ म्हणून घरचे वर्षानुवर्षं वाट बघतात. सहा महिन्यांत आपोआप उतरलं नाही तर शस्त्रक्रिया वर्ष-दीड वर्षाच्या आतच व्हायला हवी, नाहीतर पुढे वंध्यत्वाचा आणि कर्करोगाचा धोका वाढतो. हे त्या घरात सांगणार कोण? खोकणारे?

आणि मुलींनो, तुम्हाला वेगळं सोडणार नाही. ‘ऋतुस्राव म्हणजे शरीरातील अशुद्ध रक्त बाहेर टाकण्याची क्रिया.’ हे मुलींच्या अक्षरात आहे. स्वतःच्या शरीराबद्दल, दर महिन्याला जे होतं त्याबद्दल! कोणी सांगितलं अशुद्ध म्हणून? नखाला लागलं तर जे येतं तेच हे रक्त, गर्भाशयाच्या अस्तरासोबत आलेलं. अंडं बाहेर पडल्यावर मागे उरलेल्या पुटिकेचा पीतपिंड होतो, तो प्रोजेस्टेरॉन सोडतो, त्या जोरावर अस्तर जाड आणि रक्तानं भरलेलं राहतं. गर्भ रुजला तर त्याच्याकडून आलेलं संप्रेरक पीतपिंडाला जगवतं. नाही रुजला तर साधारण दोन आठवड्यांत पीतपिंड सुकतो, प्रोजेस्टेरॉन घटतं, अस्तराला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या आखडतात आणि अस्तर सुटून येतं. रक्त सर्वसाधारणपणे तीस-चाळीस मिलिलीटर जातं. बाळासाठी तयार केलेलं अस्तर आहे ते. त्याला विटाळ म्हणून कोपऱ्यात बसवणाऱ्या आजीला मी काही म्हणणार नाही, तिला हा धडा कुणी शिकवला नव्हता. तुम्हाला मी शिकवलाय.

‘अंडमोचन चौदाव्या दिवशी होते.’ सगळ्यांचं एकमत. कुणाच्या चौदाव्या दिवशी? पुस्तकातलं चक्र अठ्ठावीस दिवसांचं आहे. ज्या बाईचं पस्तीस दिवसांचं असेल तिचं काय? अंडमोचनानंतरचा काळ बहुतेकींत साधारण दोन आठवड्यांचा असतो, कमी-जास्त होतो तो त्याआधीचा काळ. म्हणून पुढच्या पाळीपासून मागे मोजायचं. पस्तीसच्या चक्रात तो दिवस एकविसाव्याच्या आसपास जातो. शिवाय शुक्रपेशी स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकते, अंडं जेमतेम दिवसभर. चौदाच्या पाठांतरावर भरवसा ठेवून फसलेली कितीतरी शिकलेली जोडपी डॉक्टरांच्या दारात उभी असतात.

हसण्याच्या नादात तुमचं काय निसटलं ते सांगते. तुम्ही ज्या अंडपेशीपासून झालात ती तुमच्या आईच्या अंडाशयात केव्हा आली? तुमची आई तुमच्या आजीच्या पोटात होती तेव्हा. विभाजनाला सुरुवात करून ती पेशी अर्ध्यावर थांबली, वीस-पंचवीस वर्षं तशीच राहिली, अंडमोचनाच्या वेळी पुन्हा सुरू झाली, पुन्हा थांबली, आणि शुक्रपेशी आत शिरली तेव्हाच तिचं दुसरं विभाजन पुरं झालं. शुक्रपेशी तयार व्हायला मात्र दोन-सव्वादोन महिने पुरतात. लेवेनहुकनं १६७७ मध्ये शुक्रपेशी पाहिली. सस्तन प्राण्याचं अंडं बेअरला दिसायला १८२७ साल उजाडलं. मधली दीडशे वर्षं थोर थोर पंडित शुक्रपेशी मोठी की अंडं मोठं यावर भांडत बसले, आणि दोन्हींची केंद्रकं एकत्र येतात हे हर्टविगनं समुद्री साळूच्या अंड्यात १८७६ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. हे सगळं तीन पानांत तुमच्या हातात दिलंय. ती पानं कोरी करकरीत आहेत, मी तुमची पुस्तकं बघितलीत.

‘मुलगा की मुलगी हे कोणाच्या गुणसूत्रावर ठरते?’ एक गुणाचा प्रश्न, बहुतेकांनी बरोबर लिहिलाय. वडिलांच्या. शाबास म्हणणार नाही. नेटी स्टीव्हन्स या बाईंनी १९०५ मध्ये किड्यांच्या पेशींत हे दाखवून दिलं, आज घराघरातल्या बारावीच्या पोरांना ते माहीत आहे, आणि त्याच घरांत तिसरी मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावले जातात. तेव्हा तुमच्यातलं कोण तोंड उघडतं? गर्भलिंग चाचणीला आळा घालणारा कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, १९८८ साली. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. आणि याच महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुली २००१ च्या जनगणनेत ९१३ होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघून खूण करणारे अडाणी नव्हते. ते बारावीला जीवशास्त्रात उत्तम गुण मिळवून पुढे गेलेले होते. म्हणून मला तुमच्या एक गुणाच्या बरोबर उत्तराचं कौतुक नाही.

रघुनाथ धोंडो कर्वे गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, आणि तुम्ही ज्याला हसता त्याच विषयावर मराठीत स्वच्छ लिहिल्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. कर्वे वारले तोवर मासिक सुरू होतं. त्या माणसानं जे छापायला कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या ते तुम्हाला सरकार पाठ्यपुस्तकात छापून देतं, आणि तुम्ही ते दोन बोटांत धरून एकमेकांना दाखवत खिदळता.

तुम्हाला वाटतं, डोळ्याचा धडा सभ्य आणि हा दुसरा लपवायचा. शरीरात अशी भिंत नाही. सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्याकडे १९४१ च्या सुमारास जन्मतः मोतीबिंदू असलेली बाळं एकामागून एक येऊ लागली. आयांना विचारलं तर बहुतेकींना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला होऊन गेलेला. साधा पुरळ उठणारा आजार, आईला दोन-तीन दिवसांचा ताप, बाळाला आंधळेपण. कारण भिंग आणि बाकीचे अवयव पहिल्या तीन महिन्यांतच आकार घेत असतात. २०१८ च्या शेवटी महाराष्ट्रात शाळाशाळांतून तुमच्या दंडावर गोवर-रुबेलाची लस टोचली होती. तेव्हा तुम्ही लहान होतात, रडलात, ठीक आहे. आज ती का टोचली हे वर्गात एकालाही सांगता आलं नाही. मुलांनाही का टोचली, हे तर नाहीच. तुमचा रुबेला गरोदर बाईला लागू नये म्हणून!

पुरे दिवस न भरता जन्मलेल्या बाळाच्या दृष्टिपटलातल्या रक्तवाहिन्या अर्धवट वाढलेल्या असतात. त्या वेड्यावाकड्या वाढून पडदा सुटू शकतो. चौथ्या आठवड्याच्या आत तपासणी झाली तर दृष्टी वाचवता येते, नाही झाली तर जाऊ शकते. शेवटच्या महिन्यांत एखाद्या गरोदर बाईला संध्याकाळनंतर दिसेनासं होतं आणि ‘बाळंत झाली की जातं’ म्हणून सोडून देतात. अ जीवनसत्त्वाची कमतरता आहे ती. दंडाकार पेशींतलं रंगद्रव्य त्याच्यावाचून बनत नाही. आणि लाल-हिरव्याचा रंगांधळेपणा? ‘वडिलांकडून मुलाला येतो’ असं लिहिलंत. वडील मुलाला वाय गुणसूत्र देतात. हा दोष एक्सवर असतो. मग येणार कुठून? आईकडून. हे पाठ करायचं नसतं, हातात पेन्सिल घेऊन दोन रेघा मारल्या की कळतं. इशिहारांचे ठिपक्यांचे तक्ते १९१७ पासून आहेत, पाच मिनिटांत तपासणी होते, आणि रेल्वेत इंजिनावर जायचं स्वप्न बघणाऱ्या मुलाला भरतीच्या वैद्यकीय तपासणीत पहिल्यांदा समजतं की आपल्याला सिग्नलचे रंग नीट ओळखता येत नाहीत.

आता कामाचं. उद्या पहिल्या तासाला पुस्तक मिटून आकृत्या काढायच्या, सगळ्या नावांसकट. मुलांनी स्त्रीची प्रजननसंस्था, मुलींनी पुरुषाची, आणि सगळ्यांनी डोळ्याचा उभा छेद. हसलं कुणी तर तीच आकृती फळ्यावर येऊन काढायची आणि प्रत्येक भागाचं काम मोठ्यानं सांगायचं. माझ्या टेबलावर खोका ठेवते. नाव न घालता प्रश्न टाका, कसलाही असो. प्रत्येक चिठ्ठी वर्गात वाचून उत्तर देईन, एकही गाळणार नाही.

आणि तुमच्यातली एकजण फळ्यावरचं न बघता शेजारणीच्या वहीतून उतरवते. कोण ते मला माहीत आहे, तिलाही माहीत आहे. लांबचं पुसट दिसतं कारण डोळ्याचा गोल थोडा लांबट झालाय, प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडे पडते. चष्मा लावल्यानं नंबर वाढत नाही आणि न लावल्यानं जात नाही. चष्मा लागला तर स्थळं येणार नाहीत, असं घरी म्हणत असतील तर आईला माझ्याकडे पाठव. शनिवारी ग्रामीण रुग्णालयात डोळ्यांची तपासणी असते, साडेनऊला फाटकाशी ये, मी सोबत आहे. अजून कुणाला पुसट दिसत असेल तर त्यांनीही यायचं.

हजेरी क्रमांकानं पुढे या आणि पेपर न्या.